दूध सुटल्यावर त्या जागी काय आलं? व्हीगन आहार आणि वजनाचा काटा

लातूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: चार महिन्यांपूर्वी आम्ही नवरा-बायकोनं दूध, दही, तूप, अंडी, मटण सगळं एकदम बंद केलं. मिस्टरांचं (वय ४२) वजन ७१ वरून ६६ किलोवर आलं. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, तळपायांना मुंग्या येतात. माझं (वय ३६) मात्र ६४ चं ६६ झालं. घरात एकच स्वयंपाक होतो, मग एकाचं उतरतं आणि दुसऱ्याचं चढतं, हे कसं? सोबत त्यांनी दोघांचं दिवसभराचं खाणं लिहून पाठवलं आहे.

ताई, व्हीगन झाल्यानं आपोआप वजन उतरत नाही आणि वाढतही नाही. दूध, दही, अंडी ताटातून गेली, त्या जागी काय आलं यावर काटा कुठे सरकणार ते ठरतं. तुमच्या मिस्टरांच्या ताटात त्या जागी काहीच आलेलं नाही. तुमच्या ताटात आलं ते नारळाचं दूध, शेंगदाण्याचे लाडू, साबुदाणा आणि जास्तीचं तेल. मुंग्यांचा विषय मात्र वजनापेक्षा तातडीचा आहे. खाली बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दल लिहिलं आहे ते आधी वाचा आणि रक्त तपासायला उद्याच जा.

आता मिस्टरांचा हिशोब. सकाळी मोठा ग्लास दूध, दुपारी दही, संध्याकाळी ताक, दिवसातून चार चहा, म्हणजे म्हशीचं अर्धा लिटर दूध सहज होतं. म्हशीच्या १०० मि.ली. दुधात सुमारे १०७ कॅलरी, ३.५ ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि १२० मि.ग्रॅ. कॅल्शियम असतं. अर्ध्या लिटरचे झाले ५३५ कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिनं आणि ६०० मि.ग्रॅ. कॅल्शियम. एवढं रोज कमी झालं आणि भरून काढलं नाही, तर एक किलो चरबीमागे ७,७०० कॅलरी या ढोबळ हिशोबानं महिन्याला दोन किलो जातात. पुढे शरीर खर्च आवरतं घेतं, माणूसही नकळत अर्धी भाकरी जास्त खातो, त्यामुळे चार महिन्यांत आठऐवजी पाच किलो गेले. हिशोब जुळतो. काळजी वेगळीच आहे. प्रथिनं कमी पडत असताना वजन उतरलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. जिना चढताना मांड्या भरून येणं, पाण्याची घागर उचलताना हात थरथरणं, पोट तसंच राहून दंड आणि मांड्या बारीक होणं, ही त्याची लक्षणं. म्हणून काट्याबरोबर बेंबीच्या पातळीवर टेपनं कंबरही मोजा. वजन पाच किलोनं उतरलं आणि कंबर जेमतेम एखादा सेंटीमीटर हलली असेल, तर ती घट चांगली नाही.

ही तूट भरायला बाहेरचं काही मागवायची गरज नाही. ३०० मि.ली. सोयाबीनचं दूध (सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, १३५ कॅलरी), ५० ग्रॅम फुटाणे (१० ग्रॅम, १८५ कॅलरी) आणि ४० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे (९ ग्रॅमच्या वर, २१० कॅलरी) एवढ्यात कॅलरी तेवढ्याच येतात आणि प्रथिनं दुधापेक्षा जास्त मिळतात. बदामाचं दूध घेऊ नका. बाजारातल्या बहुतेक डब्यांत १०० मि.ली.ला अर्धा-एक ग्रॅम प्रथिनं असतात. ते पोषणासाठी दुधाची जागा घेऊच शकत नाही आणि महागही पडतं.

सोयाबीनचं दूध घरी करताना दोन ठिकाणी हमखास चुकतं, म्हणून जरा नीट सांगतो. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, उन्हाळ्यात आठ तास पुरेत आणि पाणी एकदा बदला. सकाळी ते पाणी टाकून द्या, दाणे हातानं चोळा, सालं वर येतील ती काढून टाका. मग दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच वाटा. गार पाण्यात वाटलं की दाण्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करतं आणि तो कच्चट, हिरवट वास येतो. बहुतेक घरांत सोयाबीनचं दूध दुसऱ्यांदा होत नाही ते या वासामुळेच. वाटताना एकूण ८०० मि.ली. पाणी लागतं. फडक्यातून गाळा आणि मोठ्या पातेल्यात तापवा, कारण फेस फार येतो. दुसरी चूक इथे होते. खरी उकळी येण्याआधीच फेस वर चढतो, माणसाला वाटतं दूध उतू चाललंय आणि तो गॅस बंद करतो. ते दूध कच्चंच असतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यानं मळमळ, गॅस, जुलाब होतात. फेस खाली बसवा, खरी उकळी येऊ द्या, त्यानंतर मंद आचेवर ढवळत १५ मिनिटं ठेवा. चहात घालायचं तर गॅस बंद करून शेवटी, कोमट करून घाला, नाहीतर फाटतं. गाळून उरलेला चोथा धपाट्याच्या पिठात जातो, फक्त धपाटे नीट खरपूस होऊ द्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सोयाबीन मोंढ्यातून किंवा किराणा दुकानातून खाण्यासाठीचंच घ्या. शेतात पेरून उरलेलं बियाणं कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं आणि धुऊन ते जात नाही. सोयाबीन खाल्ल्यानं पुरुषांचे हार्मोन बिघडतात ही भीतीही मनातून काढा. दिवसाला दोन-तीनशे मि.ली. दूध किंवा २५-३० ग्रॅम सोयावड्या खाल्ल्यानं तसं काही होत नाही.

आता भाकरी आणि वरण. आपल्याकडच्या ताटात ज्वारी भरपूर असते आणि वरण पातळ. १०० ग्रॅम ज्वारीत कागदावर १० ग्रॅम प्रथिनं दिसतात, पण शिजल्यावर ज्वारीची प्रथिनं पचायला अवघड होतात, शिवाय त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. डाळींत लायसिन भरपूर असतं. दोन्ही एकाच घासात हवेत असं नाही, दिवसभरात मिळाले तरी चालतं, मात्र प्रमाण सांभाळावं लागतं. दर तीन वाट्या पिठामागे एक वाटी कोरडी डाळ किंवा कडधान्य हे माप धरा. दूध असताना पातळ वरणावर भागत होतं, आता भागणार नाही. वरण घट्ट करा, डाव उभा राहील इतपत.

६०-६५ किलोच्या माणसासाठी दिवसाचं ताट असं बसतं: ज्वारीचं पीठ २१० ग्रॅम (तीन भाकरी), तूर किंवा मूग डाळ ६० ग्रॅम, मोडाची मटकी कोरडी असताना ४० ग्रॅम, सोयावड्या २५ ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, जवस-तिळाची चटणी १५ ग्रॅम, भाज्या ३०० ग्रॅम, एक फळ, तेल २० ग्रॅम. यात साधारण १,७०० कॅलरी आणि ७० ग्रॅम प्रथिनं येतात. ताई, तुम्हाला हे असंच पुरे, भाकरी अर्धी कमी केली तर वजन हळूहळू उतरेल. मिस्टरांना यावर आधी सांगितलेलं सोयाबीनचं दूध, फुटाणे आणि शेंगदाणे जोडा.

चव बदलायला आपल्याच स्वयंपाकात इतकं आहे की नवीन पाककृती शोधायला नको. हुलग्याचे शेंगोळे, माडगं, वरणफळं, येसराची आमटी, मटकीची उसळ, हे सगळं मुळातच बिनदुधाचं. येळवशीची (वेळ अमावास्येची) भज्जी तर या आहारासाठी मला सगळ्यांत उत्तम वाटते. ओली तूर, हरभरा, वाटाणा, वाल, शेंगदाणे आणि पालेभाजी एकाच भांड्यात. बेसन चिंचेच्या पाण्यात कालवून लावलं की ताकाची गरज राहत नाही. ती वर्षातून एकदाच का करायची? ओले दाणे आहेत तोवर आठवड्यातून एकदा करा, पुढे भिजवलेल्या कडधान्यांची करा. अंबीलही ताकाशिवाय होते: ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबवा, सकाळी शिजवा, जिरं, लसूण, मीठ घाला. आंबवल्यानं ज्वारी पचायलाही सोपी जाते.

कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं, गॅस होतो, आणि "आपल्याला हे मानवत नाही" म्हणून लोक सोडून देतात. मानवतं, फक्त आतड्यांना तीन-चार आठवडे द्यावे लागतात. दर आठवड्याला कोरडी १५ ग्रॅम याप्रमाणे वाढवा, आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेका, पूर्ण मऊ शिजवा, ओवा-हिंग घाला. पाणीही वाढवा. एप्रिल-मेच्या उन्हात तीन लिटरच्या खाली राहिलात तर एवढ्या चोथ्यानं उलट मलावरोध होतो. सुरुवातीला काट्यावर अर्धा-एक किलो जास्त दिसलं तर तो बराचसा आतड्यांतला ऐवज असतो, चरबी नव्हे.

ताई, आता तुमचे दोन किलो. तुम्ही दूध फक्त चहापुरतं घेत होतात, म्हणजे तुमच्या ताटातून मुळात फार काही कमी झालंच नाही. वर मात्र बरंच आलं. चहात म्हशीच्या दुधाऐवजी नारळाचं घट्ट दूध: १५० मि.ली. म्हशीच्या दुधात १६० कॅलरी होत्या, तेवढ्याच नारळाच्या घट्ट दुधात त्याच्या दुप्पट आणि प्रथिनं अर्ध्याच्या आसपास. भूक लागली की शेंगदाण्या-गुळाचा लाडू: ३० ग्रॅमचा एक लाडू १४० कॅलरीचा, दोन खाल्ले की २८०. शिवाय आठवड्यातले दोन उपवास. साबुदाण्याची एक भरलेली ताटली, म्हणजे कोरडा साबुदाणा १०० ग्रॅम, कूट ३० ग्रॅम, तेल १५ ग्रॅम, ही साडेसहाशे कॅलरीची होते आणि त्यातली सात ग्रॅम प्रथिनं जवळजवळ सगळी कुटातली. साबुदाण्यात प्रथिनं नसल्यात जमा आहेत. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. भगर आणि दाण्याची पातळ आमटी करा, राजगिऱ्याची भाकरी करा, रताळं उकडून खा. साबुदाणा महिन्यातून एखाद्या वेळी.

तेल मोजायची सोपी रीत अशी. महिन्याला घरात किती लिटर लागतं ते बघा. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातंय, नुसत्या तेलाच्या साडेतीनशे कॅलरी. तीन लिटरवर आणलं की ते २३ ग्रॅम होतं. तूप बंद झालं की फोडणीत आणि भाकरीवर तेलाचा हात सैल सुटतो, हे बहुतेक घरांत घडतं.

पाकिटातल्या पदार्थांबद्दल थोडक्यात: हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध असू शकतं. व्हीगनसाठी एफएसएसएआयनं २०२२ च्या नियमांत हिरव्या रंगाचं 'व्ही'चं वेगळं चिन्ह दिलं आहे. पण चिन्ह असलं तरी बिस्किट ते बिस्किटच, मैदा, साखर आणि पामतेल.

काट्यावर न दिसणाऱ्या गोष्टींत पहिला आणि सगळ्यांत मोठा विषय बी-१२. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते दूध, अंडी, मांस यांतून मिळतं. वनस्पतींत भरवशाचं बी-१२ नाही. पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, आंबवलेली अंबील, कशातच नाही. स्पिरुलिनात जे सापडतं ते माणसाच्या शरीरात बी-१२ चं काम करत नाही. यकृतातला साठा दोन-तीन वर्षं पुरतो असं वाचून लोक निर्धास्त राहतात, पण तो साठा मुळात भरलेला असला तर. आपल्याकडे दूध-दही खाणाऱ्यांतही बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते. त्यामुळे चार महिन्यांत मुंग्या सुरू झाल्या यात नवल नाही, मिस्टरांचा साठा आधीच तळाला असण्याची शक्यता मोठी आहे. तळपायांना मुंग्या, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, तोंड येणं, विसरायला होणं, अंधारात चालताना तोल जाणं ही लक्षणं अंगावर काढायची नाहीत. नसांना झालेली इजा फार दिवस राहिली तर पूर्ण भरून येत नाही.

रक्तात बी-१२ दर मि.ली.ला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. तपासणी गोळी सुरू करण्याआधी करा, नंतर आकडा फसवा येतो. कमतरता निघाली तर इंजेक्शन की मोठ्या मात्रेच्या गोळ्या हे डॉक्टर ठरवतील. ती नसेल तरी व्हीगन माणसानं आयुष्यभर बी-१२ घ्यायचं, यात सूट नाही: रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून दोनदा १,००० मायक्रोग्रॅम. गरज रोज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना मात्रा एवढी मोठी का? कारण पोटातल्या नेहमीच्या वाटेनं एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषलं जातं, त्यापुढच्या मात्रेतलं शंभरात एक. मेडिकलमध्ये "मुंग्यांची गोळी द्या" असं मागू नका. त्या नावानं मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत मेथिलकोबालामिनबरोबर प्रीगाबालिनही असतं, त्यानं गुंगी येते आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. नुसतं बी-१२ मागा. नुसत्या फॉलिक ॲसिडवरही विसंबू नका, त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांची हानी आत चालू राहते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पँटोप्राझोल घेणाऱ्यांत बी-१२ आणखी लवकर उतरतं.

कॅल्शियमची रोजची गरज १,००० मि.ग्रॅ. धरतात. त्यातले दुधाचे सहाशे गेले. ५० ग्रॅम नाचणीत १८० मि.ग्रॅ., ५० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात दीडशे, १०० ग्रॅम मेथीत पावणेतीनशेच्या आसपास. तिळात आकडा फार मोठा आहे, पण सालासकट तिळातलं ऑक्झॅलेट त्यातलं बरंचसं अडवून धरतं, पालक आणि चुक्याचंही तसंच. म्हणून शेवगा आणि मेथीवर भर द्या. हे रोज जमत नसेल तर ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियमची एक गोळी जेवणानंतर घ्या, मात्र लोहाच्या गोळीबरोबर नको, दोन्हींत किमान दोन तास ठेवा.

लोहाची गरज पुरुषांना रोज १९ आणि पाळी चालू असलेल्या बाईला २९ मि.ग्रॅ. आहे, म्हणून इथे जास्त लक्ष ताईंनी द्यायचं. हिवाळ्यात बाजरी, त्यावर लिंबू, जेवणाआधी-नंतर एक तास चहा नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी आणली. घरची शेती असेल तर खाण्यापुरतं एखादं वाफंभर ती पेरून बघण्यासारखी आहे. जस्तासाठी कडधान्यांना मोड आणणं हा सोपा उपाय.

करडईच्या तेलात ओमेगा-३ जवळजवळ नसतं, ते जवसात असतं. १० ग्रॅम जवसातून साधारण दोन ग्रॅम मिळतं, पण दाणा अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, कुटून चटणी करा, आठवड्याला लागेल तेवढीच. जास्त दिवस ठेवली की खवट होते. मीठ आयोडीनचंच वापरा, सैंधवावर राहू नका. 'ड' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं आणि आतलं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासूनचं असतं. ते नको असेल तर डी-२ किंवा दगडफुलासारख्या लायकेनपासूनचं डी-३ मागा.

वजन आठवड्यातून एकदाच बघा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी. बायकांनी महिन्यातल्या त्याच दिवसांची तुलना करावी, पाळीच्या आसपास पाण्याचं वजन एक-दीड किलो सहज वाढतं. पहिल्या पंधरवड्यात जे उतरतं त्यात पाणी बरंच असतं, त्यावर हुरळून जाऊ नये. ताई, तुमच्यासाठी महिन्याला एक ते दीड किलो हा वेग चांगला. त्यातही तुमचा टीएसएच (थायरॉईडची रक्त तपासणी) करून घ्या. थायरॉईडची गोळी चालू झाली तर सोयाबीन आणि तिच्यात चार तासांचं अंतर लागेल. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं आणि किडनीचे रुग्ण यांनी वरचं प्रमाण स्वतःच्या मनानं लावू नये. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, कॅलरी घटल्या की साखर एकदम खाली जाते.

मिस्टरांसाठी शेवटचं. ७१ चे ६६ म्हणजे सात टक्के घट. खाण्यातून तिचा हिशोब लागतो, तरी ठरवून न केलेली एवढी घट तपासल्याशिवाय सोडू नये. बी-१२ बरोबरच हिमोग्लोबिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि टीएसएच एकाच वेळी करा. तूट भरायला आजपासून सुरुवात करा. चार आठवड्यांत वजन थांबायला हवं आणि मग किलो-अर्धा किलो वर यायला हवं. खाणं वाढूनही घसरत राहिलं तर फिजिशियनकडे जा. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला यांतलं काही असेल तर चार आठवडेही थांबू नका. क्षयाची थुंकी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.